हटके रिसर्चची पीआर कशी करायची

तुमचा विषय ऐकून लोक हसत असतील तर हसू द्या की, फक्त त्यांना बघायला काहीतरी द्या. आंद्रे गाइम या भौतिकशास्त्रज्ञाने 1997 मध्ये नेदरलँड्समध्ये 16 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मॅग्नेटमध्ये जिवंत बेडूक तरंगवला, बेडकात पाणी असतं आणि चुंबक पाण्याला किंचित दूर ढकलतं एवढंच त्यातलं सायन्स, पण फोटो बघून शाळेतल्या पोरालाही कळतं. 2000 ला त्यावर इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या रिसर्चला मिळणारं गमतीचं बक्षीस) मिळालं तेही घेतलं त्याने (2010 चं खरं नोबेल ग्राफीनसाठी, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरासाठी, तो वेगळा विषय).

घाई मात्र नको. 23 मार्च 1989 ला अमेरिकेत युटामध्ये पॉन्स आणि फ्लायशमन या केमिस्टनी रिसर्च पेपर छापून यायच्या आधीच प्रेस कॉन्फरन्स घेऊन कोल्ड फ्यूजन (साध्या तापमानाला अणूंची केंद्रकं जोडून ऊर्जा मिळवणं) जाहीर करून टाकलं, बाकी लॅबना ते काही जमेना आणि अख्खा विषयच बदनाम झाला. म्हणजे आधी पेपर, मग पत्रकार.

प्रेस नोट अर्धं पान बास. आधी काय दिसलं ते, लगेच खाली काय अजून सिद्ध झालेलं नाही ते, आणि "क्रांतिकारी" शब्द दिसला की खोडा. डेटा मागेल त्याला द्या, शंका काढणाऱ्याला तर आधी, कितीही चिडका असला तरी.