ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं आणि अंगातली ताकद : या चुका टाळा

पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली छोटी ग्रंथी) निकामी झाल्याने ज्या प्रौढांना ग्रोथ हॉर्मोन कमी पडतं, त्यांना ते इंजेक्शनने देतात. अशी इंजेक्शनं सुरू होऊन दोन महिने झाले. वजन थोडं वाढलं, अंगठी घट्ट झाली, पण दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत मांड्या पूर्वीसारख्याच भरून येतात. मग रुग्ण डॉक्टरांकडे डोस वाढवून मागतो, किंवा घरीच इंजेक्शनचं पेन एक खूण पुढे फिरवतो. सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच.

सुरुवातीला जे वाढतं त्यात पाण्याचा वाटा बराच असतो, कारण हे हॉर्मोन मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावतं. १९८९ साली डेन्मार्क आणि इंग्लंडमधले प्रौढांवरचे पहिले अभ्यास आले. स्नायू वाढतात आणि चरबी घटते हे त्यांतून काही महिन्यांतच दिसलं. ताकदीचं तसं नाही. पुढे झालेल्या, वर्षभरापर्यंत चाललेल्या चाचण्यांतही तिच्यात फारसा फरक सापडला नाही. तो दिसला वर्षानुवर्षं उपचार घेणाऱ्यांमध्ये. घाई करून काही हाती लागत नाही ते यामुळे. डोस ठरतो रक्तातल्या आयजीएफ-१ च्या (ग्रोथ हॉर्मोनमुळे शरीरात तयार होणाऱ्या घटकाच्या) पातळीवरून, दंडाच्या घेरावरून नाही. साठीपुढच्या माणसाला तर दिवसाला ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम इतक्या थोडक्यापासूनच सुरुवात करतात. पाय सुजणं, सांधे दुखणं, रात्री बोटांना मुंग्या येणं ही ‘औषध लागू पडतंय’ याची खूण समजू नका. बहुतेकदा डोस जास्त होत असतो.

दुसरी चूक आपल्या विदर्भात जास्त जपण्याजोगी. पिट्युटरी ग्रंथी निकामी होण्याची कारणं म्हणजे गाठ, शस्त्रक्रिया, रेडिएशन. पण बाळंतपणात अतोनात रक्त जाऊन पुढे दूधच न आलेली बाई आणि शेतात घोणस चावून वाचलेला माणूस, हेही त्यात येतात. अशांना कॉर्टिसोल (ताण सोसायला लागणारं हॉर्मोन) आणि थायरॉइडचीही कमतरता असू शकते, आणि आधी भरून काढायची ती हीच. ती न बघता ग्रोथ हॉर्मोन सुरू करणं ही ती चूक. ग्रोथ हॉर्मोनमुळे शरीरात तयार होणारं कॉर्टिसोल आणखी कमी पडतं. तोवर झाकलेली कमतरता मग उघडी पडते. उलट्या, गळाठा, उतरलेलं बीपी. मे महिन्यात नागपुरात घरचे याला ‘ऊन लागलं’ म्हणतात आणि पन्हं पाजून झोपवतात. असं झालं तर थेट दवाखाना गाठा आणि हॉर्मोनची फाइल सोबत न्या.

आता उन्हाळ्याचं. पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. काही पेनांच्या माहितीपत्रकात ‘२५ किंवा ३० अंशांखाली काही दिवस बाहेर चालेल’ असं लिहिलेलं असतं, पण बाहेर पारा ४५ वर असताना कूलरची खोली त्यात बसत नाही. फ्रिजच्या दारात ठेवू नका, बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नाही. एकदा गोठलेलं औषध फेकायचंच. चंद्रपूर-गडचिरोलीहून एसटीने ये-जा असेल तर थंड पिशवी घ्या, पण पेन कापडात गुंडाळा, बर्फाला थेट टेकू देऊ नका.

निदानातही एक घोळ होतो. हे हॉर्मोन रक्तात झटक्याझटक्याने सुटतं. सहज म्हणून दिलेल्या एका नमुन्यात ते कमी निघालं, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. साधारणपणे इन्शुलिन किंवा ग्लुकागॉन देऊन केलेली चाचणी लागते, आणि ती डॉक्टरांच्या नजरेखालीच करायची. जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून ही इंजेक्शनं घेणाऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही. तो वेगळाच उद्योग आहे.

ताकद मोजायची तर आरसा बाजूला ठेवा. हात छातीवर बांधून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते दर महिन्याला वहीत लिहा. आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचा व्यायाम हवाच, नुसत्या सुईने मांड्या भरत नाहीत. तरीही जोर येत नसेल तर ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासा. रक्तातली साखरही अधूनमधून बघत राहा, कारण हे हॉर्मोन ती वाढवू शकतं. एखाद्या रात्री इंजेक्शन राहिलं, तर दुसऱ्या रात्री नेहमीचाच डोस घ्या, दुप्पट नको.