कोकणात घरशिक्षण सुरू करताय? या चुका टाळा

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी दोन मुलांचे शिक्षण गेली नऊ वर्षे शाळेबाहेर चालू आहे. दर वर्षी पाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत नवी कुटुंबे भेटायला येतात. कोणी मुंबई सोडून वाडीतले जुने घर दुरुस्त करून राहिलेले असते, तर कोणाचे मूल शाळेत रमलेले नसते. त्यांची कळकळ खरी असते, यात शंका नाही. पण तीच ती चूक सहाव्या-सातव्या कुटुंबाने केलेली पाहिली की जीव तुटतो, कारण त्यातल्या बहुतेक चुकांची किंमत मुलाला मोजावी लागते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

कागदपत्रे "पुढे बघू" म्हणून बाजूला ठेवणे

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे. घरशिक्षणाचा निर्णय झाला की पालक पुस्तके, खेळणी आणि अभ्यासक्रम यांच्या शोधाला लागतात, पण मुलाचा जन्मदाखला हातात घेऊन कोणी नीट वाचत नाही. मूल शाळेत जात असेल तर पहिलीच्या प्रवेशालाच कोणीतरी तो दाखला तपासते आणि त्यातली चूक सहाव्या वर्षी उघडी पडते. घरी शिकणाऱ्या मुलाचा दाखला मात्र चौदाव्या वर्षापर्यंत सहसा कोणी मागत नाही.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात नेमके हेच झाले. मुलगी हुशार होती, गणितात तर मोठ्यांना मागे टाकणारी. पहिले बाळंतपण माहेरी झाल्यामुळे तिच्या जन्माची नोंद आईच्या माहेरगावी, घाटावर झाली होती. चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, माध्यमिक परीक्षेचा अर्ज भरायला बसले, तेव्हा आईने ट्रंकेतून दाखला काढला. आई, वडील, जन्मतारीख, ठिकाण असे सगळे त्यावर होते, फक्त बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता. बारशाच्या आधीच नोंद झाली होती आणि नंतर नाव घालायला कोणी गेलेच नव्हते. शिवाय वडिलांच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दाखल्यावर एक आणि आधार कार्डावर दुसरे होते.

जन्मनोंदणीत बाळाचे नाव पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मुलीला तेव्हा चौदा वर्षे आणि तीन महिने झाले होते, म्हणजे हाताशी नऊच महिने उरले होते. ऐन पावसात घाट चढून त्या माऊलीने चार खेपा घातल्या. एकदा नोंद करणारे अधिकारी जागेवर नव्हते, एकदा जुने रजिस्टर सापडेना, एकदा प्रतिज्ञापत्रात शब्द चुकला. काम झाले, पण अर्जाची मुदत निघून गेली. एनआयओएसच्या सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात, म्हणून सहाच महिने गेले. ते सहा महिने मुलगी तयार होऊन बसली होती आणि "माझी काय चूक?" असे तिने आईला विचारले, तेव्हा मी त्यांच्या ओटीवर बसले होते.

मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो. सहावीच्या परीक्षेसाठी ते घाट ओलांडून पायी साताऱ्याला गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. आपल्या मुलांना आज चालत जावे लागत नाही, पण वय आणि नाव सिद्ध करणारा कागद तेव्हाइतकाच निर्णायक आहे.

माझी पद्धत साधी आहे. जन्मदाखला, आधार कार्ड आणि पालकांची ओळखपत्रे एका ओळीत मांडायची आणि प्रत्येक नाव अक्षरन् अक्षर जुळवून पाहायचे, तेही मूल सहा वर्षांचे होण्याआधी. मूल शाळेतून काढत असाल तर शाळा सोडल्याचा दाखला घेतल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नका. "नंतर घेऊ" म्हणणाऱ्यांना मी आता स्पष्टच सांगते की तो दाखला तुमच्या सोयीसाठी नाही, मुलाच्या दहावीसाठी आहे. राज्य मंडळाच्या दहावीला खाजगीरीत्या बसायचे, म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरायचा, तर तो लागतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे कोकण विभागीय मंडळात येतात, त्यामुळे शंका असल्यास रत्नागिरीच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे. ऐकीव माहितीवर मुलाचे वर्ष लावू नये.

जे मूल शाळेत कधी गेलेच नाही, त्याच्यासाठी एनआयओएसची वाट अधिक सोपी आहे. माध्यमिकला किमान वय १४ लागते, आठवीचा दाखला नसेल तर पुरेसा अभ्यास झाल्याचे स्वयंघोषणापत्र चालते, मराठी माध्यम उपलब्ध आहे आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान पाच विषय लागतात. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सुटा देता येतो. त्याआधीच्या टप्प्यांसाठी तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे अ, ब आणि क स्तर आहेत. घाई झालेले पालक नवव्या वर्षीच "दहावी लवकर उरकता येईल का?" असे विचारतात. नाही येत, आणि येत असती तरी मी तसा सल्ला दिला नसता.

आणखी एक गोष्ट. कोकणातल्या दमट हवेत कागद ट्रंकेत टिकत नाही. आमच्या घरी मूळ कागद घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असतात, तो डबा माळ्यावर न ठेवता कपाटाच्या मधल्या खणात असतो, आणि आश्विनातले पहिले कोरडे ऊन पडले की सगळे कागद एकदा सावलीत मोकळे केले जातात.

गावापासून लपून राहणे

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांबद्दल बोलतो. त्यामुळे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरी येतात. नव्या कुटुंबांना याची इतकी धास्ती वाटते की दार लावून बसल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. असे करू नका. ते शिक्षक आपले काम करायला आलेले असतात, शिवाय मूल खरोखर दुर्लक्षित असेल तर त्याला शोधणे हे गरजेचे काम आहे. त्यांना आत बोलवा, चहा द्या आणि मुलाची वही दाखवा.

त्यासाठी वही असावी लागते. दर शुक्रवारी संध्याकाळी माझी मुले आठवड्यात काय केले ते अर्धे पान लिहितात. त्यात काय वाचले, काय मोजले, कोणाला भेटलो आणि काय जमले नाही, एवढेच असते. मी त्यात दुरुस्ती करत नाही, फक्त तारीख घातली आहे की नाही ते बघते. सर्वेक्षणाला आलेल्या शिक्षकांनी या वह्या अर्धा तास चाळल्या आणि पुढच्या महिन्यात आपल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला मुलांना आवर्जून बोलावले. गावातली जिल्हा परिषदेची शाळा ही घरशिक्षणाची शत्रू नाही. तिथले मैदान, तिथले सवंगडी आणि तिथल्या शिक्षकांचा अनुभव हा वाडीवर मिळणारा सर्वांत जवळचा आधार आहे.

शिक्षण मुलाकडे नेण्याची परंपरा तर याच किनारपट्टीवरची आहे. डहाणू तालुक्यात कोसबादला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. असे असताना घरशिक्षण म्हणजे शहरातून आणलेली नवी कल्पना असल्यासारखे गावाशी तुटकपणे वागण्याचे काहीच कारण नाही.

आधी खरेदी, मग मूल

पहिल्याच महिन्यात तीस-चाळीस हजारांची परदेशी अभ्याससामग्री मागवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की थांबा. बालभारतीची सर्व इयत्तांची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही इंटरनेटवर वाचता येतात. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून करायची विज्ञान-खेळणी आणि मराठी पुस्तके आहेत. पुण्याहून निघणारे 'पालकनीती' पालकांनी स्वतःसाठी वाचावे. एवढ्यावर पहिले वर्ष सहज निघते. मात्र जे हवे ते मे महिन्यातच उतरवून ठेवा, कारण जून-जुलैत वीज आणि नेटवर्क यांवर विसंबून वेळापत्रक आखणे ही स्वतंत्र चूक आहे.

वाचनालयाचे सभासद न होणे हीसुद्धा चूकच. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे आणि चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे आहे. २००५ आणि २०२१ च्या पुरांत चिपळूणच्या वाचनालयात पाणी शिरूनही ते पुन्हा उभे राहिले. आपल्या मुलांनी तिथली पायरी चढली नाही, तर तो दोष अंतराचा नाही, आपला आहे.

खरेदीसारखीच घाई वेळापत्रकाचीही नको: शाळा सोडल्याच्या दुसऱ्याच सोमवारी घरी घंटा वाजवून तासिका सुरू करू नका.

प्रत्येक मेळाव्याला धावणे

'स्वशिक्षण' ही घरशिक्षण करणाऱ्यांची देशपातळीवरची संघटना आहे, उदयपूरच्या 'शिक्षांतर'भोवती मोकळ्या शिक्षणाचा विचार करणारी माणसे जमतात आणि मुंबई-पुण्यात पालकांच्या भेटी होत असतात. वर्षातून एकदा जावे, माणसे भेटतात, धीर येतो. पण महिन्याआड मुलांना रात्रीच्या गाडीने नेऊन दमलेली परत आणायची आणि इथे शेजारच्या वाडीत कोण राहते ते ठाऊक नसायचे, याला आधार म्हणत नाहीत. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, याचाही अनेकांना विसर पडतो.

वेळास गावच्या कासव महोत्सवाबद्दल, म्हणजे कासवाची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्याच्या उत्सवाबद्दल, वेगळे सांगावे लागते. पिल्ले अंड्यांतून कधी बाहेर येतील ते त्यांच्या हातात असते, तुमच्या नाही. सकाळी येऊन संध्याकाळी परतायचे ठरवाल आणि त्या दिवशी एकही पिल्लू वर आले नाही, तर मुलांसमोर चिडचिड करू नका. दोन रात्री गावातल्या घरी मुक्काम करा. कातळशिल्पे, म्हणजे जमिनीवरच्या कातळात कोरलेली प्राचीन चित्रे, पाहायला जाताना सड्यावर (मोकळ्या कातळी पठारावर) सकाळीच पोहोचा, गावातल्या कोणाला तरी सोबत घ्या, आणि मुलांना रेषांवर पाय ठेवू देऊ नका. २०२२ पासून ही शिल्पे जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत, पण बहुतेक ठिकाणी त्यांची राखण गावकरीच करतात.

समुद्राला न विचारता तारीख ठरवणे

ही चूक मी स्वतः केली आहे. पाच वर्षांपूर्वी आम्ही आठ कुटुंबांची एकत्र भेट ठरवली. खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर, जाऊन कालवे (खडकाला चिकटणारे शिंपले), शंख, खेकडे आणि समुद्रफुले (फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) मुलांना दाखवायची होती. सगळ्यांना सोयीचा म्हणून रविवार निवडला आणि वेळ सकाळी दहाची दिली. दापोली, चिपळूण, संगमेश्वर अशा लांबून लोक पहाटे निघून आले. आम्ही किनाऱ्यावर उतरलो तेव्हा खडप दिसतच नव्हते. पाणी थेट सुरूच्या झाडांपाशी आले होते आणि एकवीस मुले हातात भिंगे आणि वह्या घेऊन उभी होती.

कालवे काढणाऱ्या एक मावशी वरच्या वाटेने चालल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आज चवदस न्हाय का? आता भरती. खडप सांजंला उघडंल."

हिशेब अगदी सोपा होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात माहीत असते. चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे साडेदहाला पूर्ण भरती आणि साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. मी या किनाऱ्यावर राहून, पंचांग भिंतीवर टांगलेले असून, ते पाहिले नव्हते. पाच कुटुंबे दुपारी जेवून परतली. आम्ही तीन कुटुंबे थांबलो आणि साडेचारला मावशींच्या मागून खडपावर गेलो. कुठल्या दगडावर पाय ठेवायचा, कोणता दगड उलटून पुन्हा तसाच ठेवायचा, समुद्रफुलाला बोट लावले की ते कसे मिटते, हे त्यांनी तासाभरात दाखवले.

तेव्हापासून भेटीची तारीख आधी पंचांगात ठरते आणि मग वार बघितला जातो. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया आम्हाला सोयीची पडते, कारण उधाणाचे पाणी खूप मागे हटलेले असते आणि सुकती सकाळी साडेसात-आठच्या सुमारास येते. पाणी पूर्ण उतरण्याच्या तासभर आधी खडपावर उतरायचे, दर चार मुलांमागे एक मोठे माणूस ठेवायचे, समुद्राकडे पाठ करून कोणी बसायचे नाही आणि पाणी फिरले की हातातले काम सोडून वर यायचे. रविवारच हवा असा हट्ट धरणाऱ्या पालकांना मी नम्रपणे पुढच्या वेळी या असे सांगते. तारीख नक्की करण्याआधी पहिला फोन मावशींच्या घरी जातो, आणि त्या दिवसाची त्यांची बुडालेली कमाई सगळी कुटुंबे मिळून देतात.