शहीद मित्राची आठवण त्याच्या घरी पोचवायची असेल तर

शाळेतला, चाळीतला, लोकलच्या ग्रुपमधला एखादा दोस्त फौजेत गेला आणि शहीद झाला. त्याचा फोटो, एखादा किस्सा आपल्याकडे आहे, पण घरच्यांचा पत्ता नाही. मुंबईत हे नेहमीचं, कारण घर सातारा, कोल्हापूर नाहीतर कोकणात असतं.

१. त्याच्या मूळ जिल्ह्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फोन करा. पत्ता मागू नका, "माझं पत्र घरी पोचवाल का?" असं विचारा. जिल्हा माहीत नसेल तर त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला.

२. पत्रात एकच प्रसंग लिहा, पण बारकाव्यांसकट: तो डब्यात काय आणायचा, कुणाची नक्कल करायचा, क्रिकेटमध्ये बाद झाल्यावर कसा भांडायचा. "देशासाठी बलिदान" वगैरे त्यांनी भाषणांत भरपूर ऐकलेलं असतं. आईला वाचता येत नसेल असं वाटलं तर फोन नंबर द्या, म्हणजे नंतर आवाजात रेकॉर्ड करून पाठवता येईल.

३. मूळ फोटो स्वतःकडे ठेवून स्टुडिओतून प्रत काढा. मागे मऊ पेन्सिलीने नावं, ठिकाण, साल लिहा. पेनाची शाई पुढे उमटते.

२६ जुलै (कारगिल विजय दिवस) किंवा १५ ऑगस्टच्या आसपास पाठवू नका, तेव्हा घरी आधीच वर्दळ असते. आणि शेवटच्या चकमकीबद्दल काही विचारू नका. उत्तर आलं नाही तर पुन्हा पत्र टाकू नये.