नव्या सिस्टिमवर फायली नेताय? आधी ‘वऱ्हाडे’ शोधून पाहा

पतसंस्था, जिनिंगचं ऑफिस, एक आश्रमशाळा. तालुक्याच्या गावांमधल्या आठ-नऊ ऑफिसांचे कागद मी जुन्या कॉम्प्युटरवरून नव्या डॉक्युमेंट सिस्टिमवर नेले आहेत. कोणती सिस्टिम घ्यावी यात मी पडत नाही. शेअरपॉइंट घ्या, नेक्स्टक्लाउड घ्या, खिसा पाहून घ्या. बॅकअप घेतलाय हे धरूनच चालतो.

मुहूर्त मे महिन्यातला काढा. दिवाळीनंतर कापसाची आवक लागली की ऑफिसात कोणाला मान वर करायला फुरसत नसते, आणि मार्चअखेरीचं तर विचारूच नका. मे महिन्यात ऊन जीव घेतं, पण टेबलं रिकामी असतात.

न्यायचं काय? ठराव, इतिवृत्तं, सभासद नोंदवही, चालू करार, आवक-जावक. बाकी जुन्या डिस्कवर पडू द्या. “सगळंच घेऊन चला, जागा स्वस्त आहे” म्हणणाऱ्यानं ‘नवीन फोल्डर (२)’च्या पोटातले ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘हेच फायनल’ कधी उपसलेले नसतात.

फोल्डर दोनच पातळ्यांचे: वर्ष, मग विषय. फाइलच्या नावात ७/१२ लिहू नका, विंडोज तिरपी रेघ घेत नाही, सातबारा लिहा. नावं आखूडही ठेवा. लिनक्सच्या सर्व्हरवर नावाला साधारणपणे २५५ बाइट्सची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट्स खातं, म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खलास. काना-मात्राही त्यातच मोजतात. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची सही केलेली प्रत’ इथवरच पन्नाशी ओलांडते.

अपलोडचा हिशेब कागदावर करा. ६० जीबी माल आणि अपलोडला २ एमबीपीएसचा वेग, म्हणजे सलग ६६ तासांच्या वर. आपल्याकडे सलग ६६ तास लाइट आणि नेट दोन्ही राहिलेत असं मी तरी पाहिलं नाही. हार्ड डिस्क पिशवीत टाका, एसटीत बसा आणि अमरावतीला चांगलं कनेक्शन असलेल्या ओळखीच्या ऑफिसात बसून चढवा.

आता जिथं मी स्वतः तोंडावर पडलो ते.

आपल्या ऑफिसांतल्या बहुतेक जुन्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नाहीत. कोणी कृतिदेवमध्ये टाइप केलं, कोणी श्रीलिपीत, कोणी आयएसएम या सॉफ्टवेअरच्या सुरेखमध्ये. हे फॉन्ट म्हणजे निव्वळ मुखवटे आहेत. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘कापूस’ फाइलच्या आत डी-के-आय-डब्ल्यू-एल अशी पाच इंग्रजी अक्षरं असतो. पडद्यावर कापूस दिसतो, पण नव्या सिस्टिमच्या सर्चमध्ये कापूस टाकला की शून्य. सिस्टिम चूकही दाखवत नाही. फाइल नाहीच, असं शांतपणे सांगते.

म्हणून जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लागतो. “ऑनलाइन टाका, एका क्लिकमध्ये होतं” हा सल्ला देणाऱ्याला दारात उभं करू नका. एक तर सभासदांची कर्जखाती कोण्या अनोळखी वेबसाइटवर टाकायची नसतात. दुसरं, फुकटचे बरेच कन्व्हर्टर ‘आर्थिक’चं ‘आथिर्क’ करतात. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये बरोब्बर उलटं. दोन्ही एकाच अक्षरावर आले की कन्व्हर्टर गडबडतो. तिसरं, फाइलमधला खरा इंग्रजी मजकूरही तो मराठी समजून कालवतो. फाइलमध्ये कृतिदेव फॉन्ट लावलेला आहे तेवढाच मजकूर बदलणारा कन्व्हर्टर घ्या, आणि प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा चालवा.

एका पतसंस्थेत मी हे सगळं केलं. दहा फायली उघडून पाहिल्या, झकास दिसल्या. जुना कॉम्प्युटर पुसून टाकला. बाराव्या दिवशी क्लार्कचा फोन: “भाऊ, वारसदार समोर बसून आहे, अन् नव्यात एकबी वऱ्हाडे दिसून नाही राह्यला!”

नावं होती. डोळ्यांनी यादी चाळली तर सगळे वऱ्हाडे जागच्या जागी. पण त्यातला ‘ऱ्हा’ दोन तऱ्हांनी साठवता येतो: साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह, किंवा नुक्त्याचा ऱ आणि पाय मोडण्याची खूण. दिसायला हुबेहूब, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. कन्व्हर्टरनं पहिला प्रकार वापरला होता, क्लार्कचा कीबोर्ड दुसरा टाकत होता. काही ठिकाणी तर मूळ टायपिस्टनं रफार देऊन ‘वर्हाडे’ केलं होतं, आणि ताडून पाहायला जुनी प्रत मीच पुसलेली. कागदी नोंदवही काढून चार दिवस एकेक नाव बसवलं.

‘शेतकऱ्यांना’मध्येही हेच. ‘ॲडव्हान्स’मध्येही: ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फायलींत अ-वर चंद्र दिलेला असतो. आकड्यांचंही तसंच, १२ आणि इंग्रजी बारा एक नव्हेत.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला. ऑफिसच्याच माणसाला त्याच्याच कीबोर्डवर वीस शब्द टाइप करायला लावतो: वऱ्हाडे, शेतकऱ्यांना, आर्थिक, ॲडव्हान्स, निर्मिती, गावाची आणि आडनावांची अवघड नावं. त्याच्या बोटांतून येतं ते रूप प्रमाण. कन्व्हर्ट केलेल्या फायलींत शोधा-बदला करून सगळं त्या रूपावर आणतो, मगच चढवतो. चढवल्यावर तोच माणूस तेच वीस शब्द शोधतो. एकोणीस सापडले तर काम झालेलं नाही. मूळ फाइल कन्व्हर्ट केलेल्या फाइलच्या शेजारी ठेवतो आणि जुनी डिस्क वर्षभर कपाटात, कुलूप लावून.

पीडीएफमध्ये हेच दुखणं असेल तर कन्व्हर्टरच्या नादी लागू नका. पानांची चित्रं करून टेसेरॅक्टसारख्या ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, मराठी मजकूर काढा.

राहिला टायपिस्ट. पंचवीस वर्षं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर, बसलेली बोटं इनस्क्रिप्ट या सरकारी प्रमाण कीबोर्डवर वळत नाहीत, आणि सक्ती केलीत तर तो गुपचूप कृतिदेव उघडतो. त्याला युनिकोडमधला रेमिंग्टन धाटणीचा कीबोर्ड टाकून द्या, आणि त्याच्या कॉम्प्युटरवरून कृतिदेव काढून घ्या. जेवायच्या सुट्टीत काढा, समोर नको.