हीटर रात्रभर चालू, तरी खोली गार? या चुका टाळा

डिसेंबर लागला की निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपरात झळकायला लागतो आणि नाशिकच्या दुकानांत हीटर पुढच्या रांगेत येतात. पुढे जानेवारीचं बिल हातात पडतं आणि घरात एकच चर्चा: मीटर पळतोय का? मीटर बहुधा बरोबरच असतो.

हिशेब करून बघा. 2000 वॅटचा ब्लोअर न थांबता चालला तर तासाला 2 युनिट खातो. रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे 16 युनिट, महिन्याला 480. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात. एरवी तुमचं घर 150 युनिटांत भागत असेल, तर हीटरच्या 480पैकी 330 युनिट तिसऱ्या आणि चौथ्या, म्हणजे महागड्या टप्प्यांत जाऊन बसतात. झटका बसतो तो इथे.

‘ऑइलचा हीटर वीज कमी खातो’

दुकानदार हे हमखास सांगतो. मीही ऐकलं आणि जवळपास तिप्पट पैसे मोजले. खरं तर कॉइल असो, हॅलोजन असो की ऑइल, एक युनिट विजेची उष्णता सगळ्यांत सारखीच मिळते. फरक आहे तो उष्णता देण्याच्या पद्धतीत. हॅलोजन किंवा रॉडचा हीटर समोरच्या माणसाला थेट शेकतो, हवा तापायची वाट बघत नाही. ब्लोअर हवा पटकन तापवतो, पण बंद केला की ऊब ओसरते. ऑइलचा हीटर तापायलाच वीस-पंचवीस मिनिटं घेतो आणि बंद केल्यावरही काही वेळ ऊब देत राहतो.

म्हणून आधी ठरवा, तापवायचंय कोणाला? मुलगी टेबलाशी एकटीच अभ्यास करतेय, तर 400 वॅटचा एक हॅलोजन रॉड तिच्या पायांकडे पुरतो; त्यासाठी अख्खा हॉल तापवायची गरज नाही. रात्री सगळे एकाच खोलीत दार लावून झोपणार असाल, तर ऑइलचा बरा. तो झोपण्याआधी अर्धा तास लावा आणि अंथरुणात शिरल्यावर बंद करा. पुढचं काम गोधडीचं.

घर गळतं, तिकडे लक्ष नाही

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि तिचा हीटरशी काही संबंध नाही. आपली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली: स्लायडिंग खिडक्यांच्या फटी, बाथरूमचा झरोका, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनचं भोक, दाराखालची बोटभर जागा. उदबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीजवळ धरा. धूर हलला की फट सापडली.

दाराखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी, खिडकीच्या फटीला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी फोमची चिकटपट्टी, फरशीवर सतरंजी, जाड पडदे. बास. दिवसा दक्षिणेच्या खिडकीचे पडदे उघडे ठेवून ऊन आत घ्या आणि ऊन कलताच ओढून घ्या. आमच्याकडे पडदे रात्री जेवणं झाल्यावर ओढले जायचे, तोवर भिंती गार पडलेल्या असायच्या.

फट राहिली की थर्मोस्टॅटही, म्हणजे ठरलेलं तापमान आलं की हीटर थांबवणारं बटणही, निकामी ठरतो. खोली ठरलेल्या तापमानाला पोचतच नाही, मग हीटर थांबणार कसा? आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं म्हणून खोली लवकर तापत नाही. कधी थांबायचं एवढंच ते बटण ठरवतं. खोली उबदार झाली की बटण हळूहळू मागे आणा आणि ‘टक्’ आवाज आला की तिथेच सोडा.

बारीकसारीक तक्रारी

हीटर दहा मिनिटांत आपोआप बंद होतोय? मागची जाळी धुळीने भरली असेल किंवा तो भिंतीला चिकटवून ठेवला असेल. हवा मिळेना की आतला कटआउट त्याला बंद करतो. हीटर बिघडलेला नसतो.

प्लग गरम लागतोय? मग लगेच बंद करा. 2000 वॅट म्हणजे जवळपास 9 अँपिअर. टीव्हीच्या शेजारच्या 6 अँपिअरच्या सॉकेटचं ते काम नव्हे आणि एक्स्टेन्शन बोर्डाचं तर नाहीच. मोठा पॉवर पॉइंट नसेल तर वायरमन बोलवा. गीझर आणि हीटर एकाच वेळी लावल्यावर एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारी कळ) पडत असेल, तर ती बदलून मोठी टाकू नका. तारा त्याच राहतात, आणि तापतात त्याच.

ऑइलच्या हीटरमधून टकटक आवाज येतो तो पत्रा प्रसरण पावल्याचा. त्यातलं तेल जळत नाही आणि भरावंही लागत नाही. त्यावर ओले कपडे वाळत घालू नका, पडद्यापासून तीन फूट लांब ठेवा.

वीज वाचवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

घरात गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी असेल तर तोच वापरा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, त्यामुळे आपल्या थंडीत एका युनिटात साधारण तीन युनिटांइतकी ऊब मिळते. फक्त रिमोटवर सूर्याचं चित्र आहे म्हणून खूश होऊ नका, कितीतरी एसींच्या रिमोटवर ते नुसतंच असतं. माहितीपुस्तिका बघा.

आणि महाशिवरात्रीनंतर हीटर माळ्यावर टाकण्याआधी जाळी कोरड्या ब्रशने झाडून तो जुन्या चादरीत गुंडाळा. पुढच्या थंडीत पहिल्या दिवशी येतो तो जळका वास या धुळीचाच असतो.