ऑफिसच्या कडक फायरवॉलमधून इंटरनेट कॉल नीट कसे चालवावेत

घंटी वाजते, पलीकडचा फोन उचलतो आणि मग दोघंही नुसतं "हॅलो, हॅलो" करत बसतात. ऑफिसात इंटरनेट फोन सुरू झाला की ही तक्रार हमखास येते. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले: सगळे पोर्ट (वाहतुकीचे नंबर दिलेले दरवाजे) उघडा, व्हीपीएन (दुसऱ्या सर्व्हरमार्गे जाणारा बंद बोगदा) टाका, नाहीतर राउटर बदला. तिन्ही सोडून द्या. कॉल नेमका कुठे अडतोय हे न पाहताच ते दिलेले असतात.

पहिली पायरी परवानगीची. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कमधली ये-जा अडवणारी किंवा सोडणारी यंत्रणा, दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर त्या माणसाला सोबत घ्या. लपूनछपून व्हीपीएनमधून कॉल करणं लॉगमध्ये दिसतंच, शिवाय आवाज लांबच्या सर्व्हरला वळसा घालून येतो. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज चालतं. तो बराच वाढला की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

दुसरी पायरी: सेवा देणाऱ्या कंपनीकडून सर्व्हरचे आयपी पत्ते, सिग्नलिंगचे (कॉल जोडण्याच्या बोलण्यांचे) पोर्ट आणि आवाजाचे पोर्ट लेखी मागवा. सिप (इंटरनेटवर कॉल जोडण्याची ठरलेली पद्धत) वापरणाऱ्या सेवेत सिग्नलिंगसाठी बहुधा ५०६० असतो, एनक्रिप्टेड (मधल्याला वाचता न येणारं) असेल तर ५०६१. आवाजाची रेंज प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे अंदाजाने भरू नका. मायक्रोसॉफ्ट टीम्सला यूडीपी (पोचीची वाट न बघता माहितीचे तुकडे पाठवण्याची पद्धत) ३४७८ ते ३४८१ लागतात.

तिसरी पायरी: फक्त त्याच पत्त्यांकडे, फक्त तेच पोर्ट, आतून बाहेर जाण्यासाठी उघडा. बाहेरून आत काहीही उघडू नका. क्लाउड सेवेत (फोनचा सर्व्हर सेवा देणाऱ्या कंपनीकडे असतो तिथे) फोन स्वतःच बाहेर जाऊन नोंदणी करतो, त्याला आत येणारी वाट लागत नाही. इंटरनेटवर ५०६० शोधत फिरणारे स्कॅनर दिवसरात्र चालू असतात. ऑफिसातच फोनचा सर्व्हर असेल आणि एखाद्या एक्स्टेन्शनचा पासवर्ड कच्चा निघाला, तर रातोरात परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल जातात आणि बिल तुमच्या नावावर येतं.

इथपर्यंत सोपं आहे. खरी मेहनत यापुढे. मी स्वतः सगळ्यात जास्त डोकं खपवलं ते याच टप्प्यावर.

सिपमध्ये कॉल जोडण्याची बोलणी एका वाटेने होतात आणि प्रत्यक्ष आवाज वेगळ्या वाटेने, आरटीपी या आवाज नेणाऱ्या पद्धतीच्या पॅकेटांतून, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांतून, जातो. घंटी वाजली म्हणजे पहिली वाट मोकळी आहे, एवढंच कळतं. आवाज कुठे पाठवायचा हे फोन त्या बोलण्यांमध्येच सांगतो, आणि घोळ तिथेच होतो. ऑफिसातल्या फोनला स्वतःचा पत्ता माहीत असतो तो १९२.१६८ ने सुरू होणारा, आतल्या नेटवर्कचा. बाहेरच्याला तो देणं म्हणजे इमारतीचं नाव न सांगता नुसता खोली नंबर देणं. मग तुमचा आवाज पलीकडे पोचतो, पण तिकडचा तुमच्यापर्यंत येत नाही.

यावर उपाय म्हणून राउटर बनवणाऱ्यांनी सिप एएलजी नावाची सोय दिली. ती जाणाऱ्या पॅकेटात डोकावून आतला पत्ता खोडते आणि बाहेरचा लिहिते. कल्पना ठीक असली तरी आज बहुतेक सेवा हे काम स्वतःच करतात: आवाज ज्या पत्त्यावरून आला, उत्तर तिथेच परत पाठवतात. दोघांनी एकाच पत्त्यावर हात फिरवला की पॅकेट बिघडतं. म्हणून माझं मत ठाम आहे: क्लाउड फोन असेल तर सिप एएलजी बंद करा, आणि तेही बाकी काही तपासण्याआधी. सेवा देणाऱ्याने लेखी सांगितलं असेल तरच चालू ठेवा. "सिपसाठीच तर आहे, चालू असलेलं बरं" असं सांगणाऱ्यांमुळे लोकांचे आठवडे वाया गेले आहेत.

मायक्रोटिकच्या राउटरमध्ये ही सेटिंग आयपी, मग फायरवॉल, मग सर्व्हिस पोर्ट्स इथे सापडते. फोर्टिगेट फायरवॉलमध्ये दोन जागा बघाव्या लागतात, सेशन हेल्परच्या यादीतली सिपची नोंद आणि व्हीओआयपीचा (इंटरनेट कॉलचा) एएलजी मोड. एकच बदलून थांबू नका. बदल केल्यावर जुनी सेशन्स (आधीच्या जोडण्यांच्या नोंदी) पुसा किंवा यंत्र रीस्टार्ट करा, नाहीतर जुनंच वागणं दिसत राहतं आणि आपण योग्य बदल चुकीचा समजून मागे घेतो.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या कित्येक राउटरांत ही सेटिंग दिसतच नाही. तिथे फोनचं सिग्नलिंग टीएलएसवर (एनक्रिप्टेड जोडणीवर), ५०६१ पोर्टवर न्या. पॅकेट एनक्रिप्टेड झालं की एएलजीला ते वाचता येत नाही, म्हणून बिघडवताही येत नाही.

कॉल लागतो पण मध्येच तुटतो, अशी तक्रार असेल तर घड्याळ लावा. साधारण ३२ सेकंदांनी तुटला तर कॉल उचलल्याची पोच पलीकडे पोचलेली नाही. सिपच्या नियमांत तिची वाट तेवढीच बघितली जाते. म्हणजे पुन्हा पत्त्याचाच घोळ किंवा एएलजी. १५ किंवा ३० मिनिटांनी तुटत असेल तर सेशन टायमरचा निरोप, म्हणजे कॉल अजून चालू आहे ना याची मधूनमधून होणारी विचारणा, अडतोय. कॉल बाहेर जातात, पण फोन थोडा वेळ शांत राहिला की बाहेरचे कॉल येतच नाहीत, अशी गत असेल तर फायरवॉलने फोनच्या यूडीपी जोडणीची नोंद पुसली आहे. काही ठिकाणी ती ३० सेकंदांतच पुसली जाते. फोनमध्ये कीप-अलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा छोटा निरोप) २० सेकंदांवर ठेवा, काम होतं. दरवेळी "इंटरनेट स्लो आहे" म्हणत लाइन वाढवून घेऊ नका. जी.७११ कोडेकचा (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीचा) एक कॉल प्रत्येक दिशेला ९० केबीपीएसच्या आसपास घेतो. दहा कॉल एका एमबीपीएसमध्ये बसतात.

काही ऑफिसांत, विशेषतः बँकिंगच्या कामात, बाहेर जाणारं यूडीपी पूर्ण बंद असतं आणि धोरण बदलणार नसतं. तिथे ब्राउझरमधून चालणारी वेबआरटीसी सेवा घ्या आणि तिच्याकडे टीसीपी (प्रत्येक पॅकेटची पोच घेणारी पद्धत) ४४३ वर टीएलएससह टर्न सर्व्हर (दोन्ही बाजूंचा आवाज मधे राहून पुढे पाठवणारा) आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. स्वतः चालवायचा तर कोटर्न हा मुक्त सॉफ्टवेअरचा पर्याय आहे, पण त्याचा वापर लॉगिनशिवाय खुला ठेवू नका. आणखी एक अडथळा इथेच लपलेला असतो: फायरवॉल टीएलएस उघडून तपासत असेल तर टर्नचा संवाद तिला वेबसाइटसारखा दिसत नाही आणि ती जोडणी तोडते. त्या सर्व्हरचं नाव तपासणीतून वगळायची विनंती करा. तरीही टीसीपी हा शेवटचा पर्याय समजा. एक पॅकेट हरवलं की मागची सगळी थांबतात आणि आवाज अडखळतो. यूडीपीची एक छोटी वाट मिळवण्यासाठी आयटीवाल्यांशी भांडायला लागलं तरी भांडा.

शेवटी तपासणी. क्रोमच्या वेबआरटीसी-इंटर्नल्स या पानावर चालू कॉलने निवडलेली दोन टोकांच्या पत्त्यांची जोडी बघा. तिथे "रिले" दिसलं तर आवाज टर्नमधून जातोय. सिप फोनसाठी वायरशार्क या पॅकेट बघण्याच्या सॉफ्टवेअरच्या टेलिफोनी मेनूत आरटीपी स्ट्रीम उघडा. दोन्ही दिशांच्या ओळी दिसायला हव्यात, एकच दिसली तर कुठली दिशा अडली ते समोर येतं. मग ३० मिनिटांहून लांब एक कॉल करा. अर्धा तास फोन शांत ठेवून बाहेरून एक कॉल घ्या. दोन्ही नीट झाले की चाचणीसाठी उघडलेले तात्पुरते नियम त्याच दिवशी काढून टाका.