एचटूएस स्पॅन फेल, आणि दोष सेन्सरचा नव्हताच

आमच्याकडं ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या) टाकीत उतरायच्या आधी वापरतात तो चार गॅसचा डिटेक्टर, परवा कॅलिब्रेशनला (रीडिंग तपासून जुळवायला) लावला तर झिरो, म्हणजे स्वच्छ हवेतलं रीडिंग, पास. स्पॅनला, म्हणजे ठराविक प्रमाणाचा गॅस देऊन तेवढंच रीडिंग येतं का बघायला, ऑक्सिजन, एलईएल (पेट घेणारे गॅस), सीओ (कार्बन मोनॉक्साइड) पण पास, फक्त एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, विषारी गॅस) स्पॅन फेल. 25 पीपीएमचा (दहा लाखात 25 भाग) गॅस देतोय आणि रीडिंग 14 च्या वर हलेना. सगळे म्हणाले सेन्सर गेला, नवीन मागव. मला पटेना कारण सेन्सर वर्षभराचाच होता.

मग कॅलिब्रेशनच्या गॅस सिलिंडरवरची तारीख बघितली, एक्सपायरी होऊन चार महिने! प्रेशर भरपूर होतं म्हणून कुणी बघितलंच नाही, पण एचटूएस हळूहळू सिलिंडरमध्येच कमी होत जातो, बाकीचे गॅस त्यामानानं टिकतात. वर कुणीतरी ओरिजिनल नळी हरवून साधी रबरी नळी जोडलेली, तीपण हा गॅस शोषते. नवा सिलिंडर, बरोबर नळी, मिनिटाला 0.5 लिटर गॅस सोडणारा रेग्युलेटर, दोन मिनिटं गॅस सोडून थांबलो, 24 आलं, स्पॅन पास.

आणि हो, झिरो मोकळ्या हवेतच करा, जनरेटरशेजारी नको. सिलिकॉन स्प्रे तर जवळपासही नको, एलईएल सेन्सर त्यानं कायमचा बाद होतो.